घराचे कर्ज आणि घरातील माणसे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. 'ऋणी' हा शब्द आम्ही मुद्दामच योजला, कारण आमचा आजचा विषयही ऋणाचाच आहे. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि सारी हयात मुलांना त्रैराशिक नि व्याजाची उदाहरणे शिकविण्यात गेली. परंतु फळ्यावर जी उदाहरणे आम्ही सोडवीत असू, तीच आज आमच्या विद्यार्थ्यांच्या संसारात उतरलेली दिसतात. आणि पुष्कळजण ते उदाहरण एकदाही न सोडविता दरमहा हप्ता भरीत असतात, असेही आढळते. यास्तव हा विषय आम्ही निवडला.

आपल्या वडिलांच्या पिढीतील नोकरदार मनुष्य घर बांधी, तो बहुधा निवृत्त झाल्यावर. फंडाची रक्कम हाती आली म्हणजे गावी, नाही तर शहराच्या कडेला, चार खोल्या उभ्या राहत. तोवर भाड्याचे बिऱ्हाड. पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणे हाच मुख्य व्यवसाय असलेली एचडीएफसी ही संस्था मुंबईत १९७७ साली स्थापन झाली. पुढे बँकांनीही हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. आज आपला मुलगा अथवा मुलगी तिशीतच स्वतःच्या सदनिकेत राहावयास जाते. ज्या घराची वाट आपल्या वडिलांनी साठ वर्षांपर्यंत पाहिली, ते नातवंडांना रांगण्याच्या वयातच मिळते. ही गोष्ट आनंदाची आहे, आणि कर्ज या शब्दाला नाके मुरडणाऱ्यांनी ती विसरू नये.

तथापि 'गहाण' या शब्दाचा आपल्या लोकांना जो धसका आहे, त्यालाही इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. लोकांचा रोख मुख्यतः सावकाराच्या दप्तरावर होता. कर्जरोखे नि गहाणखते बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा करावा लागला. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे, हे त्या बिचाऱ्यांतील अनेकांस वाचता येत नव्हते. आज आपली मुले पदवीधर आहेत. तरीही बँकेचा जाडजूड करारनामा, अधिकारी बोट ठेवील तेथे तेथे सह्या करून, न वाचताच परत दिला जातो. मग अंगठ्यात आणि सहीत अंतर ते काय राहिले?

आता फळ्याकडे वळू. हिशेबास सोपे जावे म्हणून असे धरू की, एका दांपत्याने २० लाख रुपयांचे कर्ज दरसाल ९ टक्के व्याजाने २० वर्षांच्या मुदतीवर घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १८ हजार रुपये येतो. पहिल्या महिन्याचे व्याजच १५ हजार होते. म्हणजे मुद्दलात जमा होतात अवघे ३ हजार. वर्षभरात या दांपत्याने सुमारे २ लाख १६ हजार रुपये भरले, तरी मुद्दल कमी झाले ते केवळ ३७ हजारांनी. पाच वर्षे गेली, पावणेअकरा लाख रुपये भरून झाले, तरी २० लाखांतील १७ लाख ७४ हजार शिल्लकच आहेत. निम्मी मुदत, म्हणजे दहा वर्षे, संपली तरी १४ लाखांवर बाकी आहे. वीस वर्षांअखेर एकंदर भरणा ४३ लाखांच्या वर जातो. त्यात २३ लाखांहून अधिक नुसते व्याज.

यात बँकेची लबाडी नाही. व्याज हे शिल्लक मुद्दलावर आकारले जाते, आणि आरंभी मुद्दल मोठे असते म्हणून हप्त्याचा मोठा घास व्याज घेते. आमच्या सातवीच्या वर्गातील चुणचुणीत मुलास हे पाच मिनिटांत कळत असे. पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो मात्र मोठ्यांच्याही ध्यानी येत नाही. तो असा की, जादा भरलेल्या रुपयाची किंमत तो किती लवकर भरला यावर अवलंबून असते. याच उदाहरणात पहिल्या वर्षाअखेर १ लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज सव्वादोन वर्षे आधी फिटते आणि जवळजवळ ४ लाखांचे व्याज वाचते. तेच १ लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले, तर व्याज वाचते सुमारे ५२ हजार. रुपये तेच, बँक तीच. फरक केवळ काळाचा.

ज्यांना एकरकमी लाख रुपये काढणे शक्य नाही, त्यांनीही हताश होऊ नये. दरवर्षीच्या बारा हप्त्यांखेरीज वर्षाअखेर एक तेरावा हप्ता भरला, तर वीस वर्षांचे हे कर्ज सुमारे साडेसोळा वर्षांत फिटते आणि साडेचार लाखांहून अधिक रक्कम वाचते. अधिक महिन्याच्या वर्षी आपण तेरा महिने मानतोच. कर्जदाराने प्रत्येक वर्ष अधिक महिन्याचे मानावे, एवढेच आमचे सांगणे.

येथे दोन व्यावहारिक गोष्टी नमूद करणे अवश्य आहे. पहिली अशी की, जादा रक्कम भरताना 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असे बँकेस लेखी कळवावे. मुदत तीच ठेवून हप्ता कमी करून घेतला, तर हाती थोडे पैसे खेळतात खरे, पण व्याजातील बचत फारच घटते. दुसरी अशी की, मुदतीपूर्वी पैसे भरल्यास बँक दंड करील ही भीती आता बाळगू नये. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तिगत कर्जदाराकडून असा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली. कर्ज स्थिर व्याजदराचे असेल, तर मात्र करारनामा वाचून पाहावा.

'बदलता व्याजदर' म्हणजे काय, हे पुष्कळांना २०२२ नंतर कळले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, आणि त्याच्याशी बांधलेली गृहकर्जे तितकीच महागली. ज्याने ७ टक्क्यांनी २० लाख घेतले होते त्याचा हप्ता सुमारे साडेपंधरा हजार होता. दर साडेनऊ टक्के होताच त्या रकमेवरील एका महिन्याचे व्याजच १५ हजार ८०० च्या पुढे गेले. म्हणजे हप्ता इमानेइतबारे भरूनही कर्ज वाढावे अशी पाळी! अनेक ठिकाणी हप्ता तोच ठेवून मुदत लांबविण्यात आली, आणि कित्येक कर्जदारांस त्याची दादही नव्हती. पुढे १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे ठरवून दिले की, दर बदलला म्हणजे हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोहोंचा मेळ घालावा, याची निवड कर्जदाराला द्यावी, आणि हप्ता व्याजालाही न पुरण्याची स्थिती येऊ देऊ नये. निवड मिळाली, पण ती करावयास आधी खाते उघडून पाहावे लागते. वर्षातून दोनदा, दसरा आणि पाडवा असे दोन दिवस नेमून, पतिपत्नींनी कर्जखात्याचा उतारा एकत्र बसून वाचावा, अशी आमची सूचना आहे.

एवढे ऐकून एखाद्या उत्साही तरुणाला वाटेल की, आता पै-पैसा कर्जातच ओतावा आणि सात वर्षांत मोकळे व्हावे. त्याला आम्ही येथेच थांबवू इच्छितो. आमच्या पाहण्यात असे एक कुटुंब आले. पतिपत्नी दोघेही मिळवती, निर्व्यसनी, हिशेबी. महिन्याअखेर जे उरेल ते सारे कर्जात भरावयाचे, असा त्यांचा नेम. मुलीची शाळेची सहल रद्द, माहेरचे जाणे रद्द, यजमान सुट्टीच्या दिवशीही दुसरे काम करावयास जात. कर्ज झपाट्याने उतरत होते. पाचव्या वर्षी घरातील आजींस मोठे आजारपण आले. विमा नव्हता, हाती शिल्लक नव्हती. भिंतीत घातलेला पैसा रुग्णालयाच्या खिडकीवर मोजता येत नाही. अखेर गृहकर्जाच्या जवळजवळ दुप्पट दराने वैयक्तिक कर्ज काढावे लागले. चार वर्षांत जे व्याज वाचविले होते त्यातील मोठा भाग गेलाच, आणि मुलगी घरात मुकाट्याने वावरू लागली, ते निराळेच.

यावरून क्रम कसा असावा हे स्पष्ट होते. सर्वांत आधी घरात अडीअडचणीची गंगाजळी हवी; निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते भागतील इतकी, आणि तीही हवी तेव्हा काढता येईल अशा ठिकाणी. त्यानंतर विमा. कर्ता गेला तरी कर्ज जात नाही, हे कटु सत्य प्रत्येक गृहिणीस ठाऊक असले पाहिजे. कर्जाच्या रकमेइतका तरी शुद्ध आयुर्विमा कमावत्याच्या नावे असावा, आणि सर्व कुटुंबाचा आरोग्यविमा असावा. तिसरे, महागडी कर्जे आधी फेडावी. क्रेडिट कार्डाची थकलेली बाकी वर्षाला ३० ते ४० टक्क्यांच्या घरात व्याज खाते. ती तशीच ठेवून ९ टक्क्यांच्या कर्जात जादा भरणा करणे म्हणजे घराला आग लागली असता अंगणात सडा घालण्यासारखे होय. चौथे, म्हातारपणाची तरतूद. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत नव्याने आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन पूर्वीप्रमाणे सरसकट राहिले नाही; खाजगी नोकरीत तर ते बहुतेकांस नव्हतेच. तेव्हा भविष्यनिर्वाहाची वर्गणी थांबवून कर्जाचा भरणा करू नये. हे चारही झाल्यावर जे उरेल, त्यातून तेरावा हप्ता भरावा. फारसे उरणार नाही, हे आम्ही जाणतो. पण वर सांगितल्याप्रमाणे, थोडे असले तरी लवकर भरलेले पुरते.

काही सुशिक्षित तरुण आम्हांस म्हणतात, "गुरुजी, कर्ज फेडण्यापेक्षा तेच पैसे म्युच्युअल फंडात गुंतविले, तर अधिक नाही का मिळणार?" मिळेलही. दीर्घ मुदतीत मिळण्याचा संभवही बराच असतो. पण तो संभव होय, हमी नव्हे. कर्जात भरलेल्या रुपयावर वाचणारे व्याज मात्र ठरलेले असते. ज्याची नोकरी स्थिर, प्रकृती धट्टीकट्टी आणि मन खंबीर आहे, त्याने उरलेल्या पैशाचे दोन भाग करून एक इकडे, एक तिकडे घालावा. त्यास आमची हरकत नाही. पण मुदत ठेवीत गंगाजळीहून कितीतरी अधिक पैसा निजवून ठेवावयाचा आणि कर्जाचे व्याज भरीत राहावयाचे, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. कारण ठेवीवरील व्याज सामान्यतः कर्जाच्या व्याजाहून कमी असते, आणि त्यावर करही द्यावा लागतो. 'प्राप्तिकरात सूट मिळते, म्हणून कर्ज राहू द्यावे', हा युक्तिवादही असाच. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट, वर्षाला २ लाख रुपयांच्या मर्यादेत, जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या करपद्धतीत ती नाही. आणि मिळाली तरी शंभर रुपये व्याज भरून करातील वीस-तीस वाचविणे हा काही किफायतीचा व्यवहार नव्हे.

आता आम्ही ज्या मुद्द्याकरिता मुख्यत्वे उभे राहिलो, त्याकडे येतो. हा मुद्दा तरुणांस उद्देशून नाही. तो येथे पुढील रांगेत बसलेल्या आपणां वडीलधाऱ्यांस उद्देशून आहे.

कर्जाची पहिली दोन-तीन वर्षे सर्वांत मोलाची, हे आपण आताच पाहिले. आणि नेमक्या याच वर्षांत त्या दांपत्यावर आपल्या समाजाचे हप्ते सुरू होतात. नवे घर घेतले की वास्तुशांती थाटात व्हावी, तीनशे पाने उठावी, प्रत्येकास आहेर मिळावा, अशी अपेक्षा आपणच करतो. पाठोपाठ बारसे, मग मुलाचा पहिला वाढदिवस सभागृहात, मग धाकट्या बहिणीचे लग्न. 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपली म्हण आहे; पूर्वी या दोन गोष्टींत वीस-पंचवीस वर्षांचे अंतर असे, आता त्या दोन-तीन वर्षांत येऊन ठेपतात. वास्तुशांतीच्या पंगतीत वाचविलेला एक लाख त्या दांपत्याला चार लाखांच्या व्याजातून सोडवितो, हे फळ्यावरील उदाहरण आठवा. मग ज्या पंगतीत आपण जेवून उठलो, तिची खरी किंमत त्या घराने किती वर्षे मोजली, हे ध्यानात येईल.

तरुण मंडळी मूर्ख नाहीत. त्यांना हिशेब कळतो. पण 'लोक काय म्हणतील' या वाक्यातील लोक म्हणजे कोण? ते येथे बसलेले आपणच आहोत. सासूबाईंनी सुनेस, मामांनी भाच्यास आणि काकांनी पुतण्यास जर आपण होऊन सांगितले की, "बाळ, घरच्या घरी पूजा कर, आम्ही चार माणसे येऊन आशीर्वाद देऊ, आणि उरलेली रक्कम कर्जात भर," तर त्या एका वाक्याने जे काम होईल ते बचतीवरील दहा व्याख्यानांनी होणार नाही. काटकसर मुलांच्या दुधातून, पुस्तकांतून किंवा घरधनिणीच्या औषधातून करावयाची नसते. ती देखाव्यातून करावयाची असते. आणि देखाव्याचे मागणे जेथून येते, तेथेच ते थांबविले पाहिजे.

मुंबईत काही ज्ञातींतील धुरीणांनी असा विचार शंभर वर्षांपूर्वीच केला होता. १९०६ साली शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था निघाली, ती आपल्या बांधवांना सावकारी व्याजातून सोडवून बचतीची सवय लावण्यासाठी. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती बिऱ्हाडकरूंना परवडेल असा निवारा मिळावा म्हणून. ज्ञातिसंस्थेचे कार्य स्नेहभोजन आणि गुणवंतांचा सत्कार येथवरच संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या संस्थेचा आवाका लहान असेल. पण सभासद-कुटुंबांतील वास्तुशांती आणि बारसे साधेपणाने करण्याचा ठराव करण्यास भांडवल लागत नाही. तसेच आपल्यात बँकेतून निवृत्त झालेले अनेक बांधव आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार कार्यालयात बसून तरुण दांपत्यांना कर्जखात्याचे उतारे समजावून द्यावे. या दोन्ही सूचना आम्ही मंडळापुढे नम्रपणे ठेवतो.

शेवटी, कर्ज फिटल्यावरच्या कर्तव्याविषयी थोडेसे. अखेरचा हप्ता भरून पेढे वाटले म्हणजे काम संपले, असे समजू नये. कर्ज संपल्याचा लेखी दाखला घ्यावा, घराची मूळ कागदपत्रे परत घ्यावी, आणि मिळकतीच्या नोंदीवर बोजा चढविलेला असल्यास तो उतरवून घ्यावा. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम लागू आहे की, संपूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत दिले पाहिजेत; बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास ५ हजार रुपये भरपाई कर्जदाराला मिळावी. ते कागद कपाटात कोठे ठेवले आहेत, हे पतिपत्नी दोघांस आणि जाणत्या मुलांस माहीत असावे. आमच्या पिढीत पुरुषांनी व्यवहार पाहावा आणि स्त्रियांनी घर पाहावे, अशी वाटणी असे. त्या वाटणीपायी कर्ता गेल्यावर कित्येक मायभगिनींना आपल्याच घराचे कागद परक्यास विचारीत हिंडावे लागले. ती पाळी आपल्या मुलींवर येऊ नये.

बंधुभगिनींनो, ऋण लवकर फेडावे, यात दुमत नाही. पण ज्या दिवशी ते फिटेल, त्या दिवशी घरातील माणसे त्या घरात हसतखेळत असली पाहिजेत, आणि ती तशी असावी म्हणून आपण वडीलधाऱ्यांनी आपले मागणे थोडे कमी केले पाहिजे.